लांडग्याचा आकडा

बाई, तुम्ही आम्हाला जर्मन शिकवलंत ते स्वयंपाकघरात, कारण पुढच्या खोलीत तुमचे सासरे झोपलेले असायचे. मला अजून दिसतं. तुम्ही दाणे भाजत उभ्या आहात आणि टेबलावर जर्मनीतल्या गावोगावच्या चिन्हांची चित्रं पसरली आहेत. एकेक ढाल उचलायची आणि तिच्यावर काय आहे ते जर्मनमध्ये सांगायचं. गिरणीचं चाक असलं तर गाव बहुधा दळणावर जगलेलं, किल्ली असली तर तिथल्या चर्चचा संत पीटर. एका हिरव्या ढालीवर दोन्ही टोकांना वळलेला लोखंडी आकडा होता. मी म्हणाले, "हे काय वाकडंतिकडं?" तुम्ही झारा हातात धरूनच वळलात. "वाकडं तुझं बघणं आहे. आधी विचारावं, मग हसावं." मग सांगितलंत, की असा आकडा मांस लावून झाडाला टांगायचे, लांडगा उडी मारायचा आणि जबड्याने अडकायचा. रानाच्या राखणदारांनी तोच हद्दीच्या दगडांवर कोरला, रानाकाठच्या गावांनी ढालीवर घेतला. अर्थ कळला की कुठल्याही चिन्हाची भीती जाते, असं मी त्या दिवसापासून धरून चालले.

आता मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहते. इथली काही जुनी कुटुंबं एका छोट्या जर्मन गावातून आलेली, म्हणून लायब्ररीत त्या गावाचा झेंडा लावायचं ठरलं. मला जर्मन येतं, तेव्हा शेजारी लावायची माहिती लिहायचं काम माझ्याकडे आलं. झेंड्यावर तोच आकडा होता. मी हरखून लिहिलं, अगदी तुम्ही सांगितलं होतं तसं. नाझींच्या काही तुकड्यांनी हे चिन्ह वापरलं आणि त्यांना मानणारे अजून वापरतात, हेही शेवटच्या ओळीत घातलं. लायब्ररीच्या कमिटीत माझी एक ज्यू मैत्रीण आहे. तिने वाचून कागद खाली ठेवला. "आमच्या सिनेगॉगच्या भिंतीवर कुणीतरी हेच स्प्रे करून गेलं होतं," ती म्हणाली. "खाली माहिती लिहिलेली नव्हती."

घरी मुलीला सांगितलं, ती माझी बाजू घेईल म्हणून. "अगं, पण तो आकडा नाझींनी चोरलेला आहे. मूळ गावाचा काय दोष?" फोनमधून मान वर न करता ती म्हणाली, "आई, यू कान्ट फुटनोट दॅट." नवरा म्हणाला, "कॅन्सल करून टाक ना यार. झेंडा त्यांचा, गाव त्यांचं, आणि भांडतेयस तू!"

त्याचं ते बोलणं लागलं, कारण मी का भांडत होते ते मलाच सांगता येईना. मग आठवलं. दिवाळीत मी दारासमोर रांगोळीचं स्वस्तिक काढते. मागच्या दिवाळीत हीच मैत्रीण फराळाला आली, दाराशी क्षणभर थांबली, रांगोळीला वळसा घालून आत आली आणि चकली छान झालीय म्हणाली. आमचं स्वस्तिक वेगळं, हे तिला समजलं, असं मी मानलं. समजलं तर होतंच. पण समजूनही तिला वळसा का घालावा लागला, ते मी विचारलं नाही. लायब्ररीत मी वकिली करत होते ती माझ्या दाराची. आकडा तिथे खपला, तर स्वस्तिकाबद्दल कुणी बोलायला नको.

आज कमिटीला कळवलं, की झेंडा लावू नये असं माझं मत आहे. मग मैत्रिणीला फोन केला. तिने विचारलं, "आणि तुझ्या दारातलं?"

"ते राहील," मी म्हणाले.

ती म्हणाली, "मग मी गराजमधून येईन." हसत म्हणाली की नाही, ते मला कळलं नाही.

आकड्याला एक न्याय आणि स्वस्तिकाला दुसरा का, याचं धड उत्तर माझ्याकडे नाही. तुम्ही काय केलं असतंत, हे विचारायला म्हणून लिहायला बसले. पण खरं सांगते बाई, तुमचं मत मला नकोच होतं. मी केलं त्यावर तुमची सही हवी होती.