डांबराची कड

१२ नोव्हेंबर, बुधवार
कापसाची पहिली ट्रॉली भरली. सौ.ने ट्रॅक्टर शेतातून काढला. ओढ्याचा चिखल, बांधावरचं ते नालायक वळण, कुठंच अडली नाही. डांबरी रस्त्याच्या कडेला आणून उभा केला आणि खाली उतरली. मी चढलो. तीन वर्षं हेच चाललंय. अण्णाचा कायदा: मातीत कोणीही चालवा, डांबरावर पुरुष माणूस. अण्णा थोरला भाऊ, ट्रॅक्टर सामाईक, अपील नाही.

पुरुष माणूस म्हणजे मी. वाटूरच्या चौफुलीवर कापसाच्या जिनिंग मिलकडं वळायचं चुकलो, मागं घ्यायला गेलो. ट्रॉली जायची डावीकडं, गेली उजवीकडं. पुन्हा घेतली, आडवीच झाली. चारी रस्ते बंद. मी साप्ताहिकात आठ वर्षं ट्रॅक्टरवाल्यांची सालटी काढतो हे एसटीच्या ड्रायव्हरला नेमकं ठाऊक. खिडकीतून ओरडला, "सर, ह्याच्यावर बी एक लेख होऊन जाऊ द्या!"

मडगार्डवर बसलेली सौ. पुटपुटली, "ट्रॉली डावीकडं न्यायची तं स्टेरिंग उजवीकडं फिरवा. उलटं असतंय ते." पुटपुटली म्हणजे एसटीतल्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

१४ नोव्हें., शुक्र.
चौफुलीची बातमी गावात कधीच पोचलेली. अण्णा ओट्यावर बसून वाटच बघत होता.
"रस्ता बंद पाडला म्हणे तू. हातात पेन बरा हाय तुझ्या."
आमचा ड्रायव्हर उसाच्या वाहतुकीला गेला, उन्हाळ्याशिवाय येत नाही. म्हणालो, हिला नेऊ द्या की. सरळ हात आहे तिचा.
"डांबरावर न्हाई."
"का पण?"
अण्णानं डावा पाय लांब केला, गुडघा चोळला.
सगळ्या तालुक्यापुढं माझी जीभ चालते, त्या गुडघ्यापुढं नाही. कारण

१५ नोव्हें.
काल वाक्य अर्धं सोडून झोपलो. लिहून टाकतो, वही कोण वाचतंय.

तीन वर्षांपूर्वी वाटूरच्या अलीकडं ट्रॉली पंक्चर झाली. चालवत मी होतो, सौ. शेजारी. मागून येणाऱ्यांना कळावं म्हणून रस्त्यावर दगड मांडले, सगळे मांडतात तसे. पंक्चर निघालं, सौ. दगड उचलायला वाकली. मी म्हणालो, "राहू दे गं, कोण उचलतं? चल लवकर." आणि खरंच कोणी उचलत नाही. ट्रॅक्टर निघून जातो, दगड तिथंच पहारा देत बसतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णा मोटारसायकलवर त्याच दगडांवर आदळला. गुडघ्यात सळई. दवाखान्यात पडल्या पडल्या त्या दगडवाल्याला शिव्या देत होता आणि मी त्याला मोसंबी सोलून देत होतो.

सौ.ने आजवर एका शब्दानं काढलं नाही. ना त्याच्यापाशी, ना माझ्यापाशी. आणि अण्णाचा कायदा तेव्हापासूनचा: रोड लई वाईट, बाईमाणसाचं काम न्हाई.

१८ नोव्हें., मंगळ.
वाटूरचे सलीमभाई, पंक्चर आणि वायरिंग दोन्ही करतात, आज घरी आले. सौ.ने बोलावलं होतं, मला पत्ता नाही. ट्रॉलीला मागं दोन लाल दिवे, कडेनं चमकणाऱ्या पट्ट्या. दिवे लागतातसुद्धा! इकडच्या ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, गाणी वाजवायला भोंगे असतात, आणि फळीवर 'नाद करायचा नाय' लिहिलेलं असतं. अंधारात तेही दिसत नाही.

सलीमभाई लांब जाऊन बघून आले. "भाभी, एक नंबर. लेकिन लोक वरात समजून पुढं नाचतील."
"नाचू द्या. आदळण्यापरीस बरं."
मी वहीत मान घातली.

२४ नोव्हें., सोम., जालना
सौ.ची लायसनची परीक्षा. शिकाऊ लायसन तिनं दिवाळीआधीच काढलेलं, माहेरी जाते म्हणून. माहेरची माणसं सामील.
साहेबांनी कागद माझ्याकडं सरकवला. "बसा ट्रॅक्टरवर."
"मी नाही. ह्या."
साहेबांनी चष्मा वर केला. सौ.ने पदर खोचला, चढली. पुढं घेतला, वळवला, मागं घेतला, आखलेल्या पट्ट्यांच्या बरोबर मधोमध. रांगेतली पोरं शिट्ट्या मारायच्या तयारीनं आलेली, तोंडं तशीच राहिली. मी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, "आमची मंडळी." त्यानं विचारलं नव्हतं. मग त्याच्या शेजारच्यालाही सांगितलं.

साहेब सहज म्हणाले, "तुमचं लायसन असेलच."
आहे. मोटारसायकलचं. फक्त मोटारसायकलचं. आठ वर्षं नियमांवर लेख लिहितोय. साहेबांनी पुढच्याला हाक मारली, मोठा माणूस.

२९ नोव्हें., शनि.
पास झाली, लायसन मोबाईलवर आलं. अण्णाला दाखवलं. त्यानं मोबाईल लांब धरून पूर्ण वाचलं. "बराबर हाय. फोटो चांगला आलाय." मोबाईल परत. "पण डांबरावर न्हाई."

आज 'सौ.' लिहिताना पेन अडकलं. लायसनवर सौ. नाही. सुनंदा आहे.

४ डिसेंबर, गुरु.
मोठा दिवस. सावकाश लिहितो.

दुसरी ट्रॉली. सुनंदानं शेतातून काढली, डांबराच्या कडेला उभी केली, सवयीनं उतरली. अण्णा काठी टेकवून तिथंच उभा. मी मागं मोटारसायकलवर. उतरलो नाही.
"चढ की," अण्णा.
"न्हाई चढत. माझ्याकडं ट्रॅक्टरचं लायसन न्हाई. तिच्याकडं हाय."
"इतके दिवस कसा चढत होता मंग?"
"चुकत होतो."
आयुष्यात पहिल्यांदा हा शब्द अण्णापुढं बोललो. मागं एक जीप हॉर्न वाजवून राह्यली, तिच्यामागं दोन मोटारसायकली. अण्णानं त्यांच्याकडं पाहिलं, कापसाकडं पाहिलं. मग काठी माझ्या हातात दिली आणि मडगार्डवर चढायला लागला. गुडघा वाकत नव्हता, ढुंगणाला खांदा देऊन मी चढवला.
"चल गं. मी थांब म्हणलं की थांबायचं."
"हो अण्णा."

चाकं डांबरावर गेली. भायाच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, शेजारी बसून सुनंदा ट्रॅक्टर हाणतेय, हे दृश्य आमच्या घराण्यात कोणी पाहिलं नसेल. डाव्या कडेनं, एका चालीनं. मागं गाड्या साचल्या की जागा बघून बाजूला घ्यायची, हात दाखवून पुढं सोडायची. एका पांढऱ्या गाडीतली पोरं मोबाईल काढून शूटिंग करायला लागली, तर अण्णा त्यांच्यावरच डाफरला, "म्होरं बघून चालवा! ती बघून राह्यली का तुमच्याकडं?"
मी मागं मोटारसायकलवर. छाती इतकी फुगली होती की जर्किनची चेन खाली करावी लागली.

आणि वाटूरच्या अलीकडं ट्रॉली पंक्चर.
जागा जवळपास तीच. सुनंदानं एका कडेला घेतली, मागचे दिवे चालू ठेवले, रस्त्यावर दगड मांडले. मी सलीमभाईंना आणलं. तासाभरात काम झालं. अण्णा मडगार्डवरच बसून. सुनंदानं हात पुसले आणि चढायच्या आधी मागं गेली. एकेक दगड उचलून शेताच्या बांधाकडं टाकला. थोडं पुढं दुसऱ्या कोणाचे तरी जुने दगड होते, तेही टाकून आली. तेवढ्यात एक एसटी तिथून गेली, सरळ, वळण न घेता.

अण्णा बघत होता.
"हे कोणी शिकवलं तुला?"
सुनंदानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "तुमच्या भावानं."
अण्णा माझ्याकडं वळला आणि म्हणाला, "शाबास."
मी हेल्मेट घातलं. ऊन नव्हतं, काच खाली केली.

५ डिसें.
चौफुलीवर काल समोरच्या ट्रकला वाट द्यायला तिनं ट्रॉली एका दमात मागं घेतली, हे लिहायचं राहिलं. मला लेखाचा टोमणा मारणारा तोच एसटीचा ड्रायव्हर होता. हॉर्न न वाजवता थांबला आणि सलाम केला. तिला. मला फक्त ओळख दाखवली.

अण्णा सकाळपासून पारावर. जो भेटेल त्याला: "आमची सुनंदा बिलकुल धक्का बसू देत न्हाई. माझा गुडघा दुखला न्हाई बघ." कायदा कधी रद्द झाला, कोणी केला, काही नोंद नाही. पुढची ट्रॉली ती एकटी नेणार म्हणे. अण्णानं मला विचारलं नाही, सांगितलं.

९ डिसें., मंगळ.
अण्णा दुपारी आला. "ते दगडाचं लिव की तुझ्या सदरात. लोकायला अक्कल येईल. मी भावाला शिकवलं, त्यानं बायकूला शिकवलं, म्हणावं." माझं सदर तो दर आठवड्याला पहिल्या शब्दापासून वाचतो, ओठ हलवत.

तो गेल्यावर कागद घेतला. चार सुरुवाती खोडल्या. सगळ्या विनोदी होत्या, चांगल्या होत्या. पाचवी अशी: 'तीन वर्षांपूर्वी वाटूरच्या अलीकडं मी रस्त्यावर पाच दगड मांडले आणि ते तसेच ठेवून निघून गेलो.'

लेख उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचाय. सुनंदा जिनिंगहून एकटी जाऊन आली, चावी खिळ्याला अडकवली, माझ्या मागं उभी राहून वाचलं.

म्हणाली, "पाच न्हाई. सहा होते."