रेडिएटरवर बांधलेली वाळ्याची ताटी

१० मे १९३८, मंगळवार. दुपारी सव्वादोन.
वाशीम-मालेगाव रस्त्यावर मोटार बंद पडली. वेळ लिहून ठेवते. उद्या कोणी म्हणायला नको की बाईंना नीट आठवत नाही. शेजारी तुळशीराम माळी, मला न्यायला आलेला. त्याची बायको सखू पहिलटकरीण, सकाळपासून अडलेली. बॉनेटमधून वाफ. गॅरेजवाल्या त्र्यंबकरावांनी बजावलं होतं, तापली की ताटीवर पाणी मारा. मारलं. तुळशीरामने शेतातल्या विहिरीवरून पाणी आणलं, निम्मं ताटीवर, निम्मं रेडिएटरमध्ये. जरा पुढे गेली, पुन्हा उकळली. पुन्हा पाणी. शेवटी वाटेवरच्या एका बैलगाडीत बसून गेलो.
मुलगी होती. रडली नाही.
सखू वाचली.

११ मे.
मोटार बैलांनी ओढत घरी आणली. रस्त्यात लोक हसत होते म्हणे. हसोत.

१२ मे, गुरुवार.
त्र्यं. बाजारात सांगत फिरतात की बाईमाणसाने मोटार हाकली की इंजिन तापणारच. सरकारी दवाखान्यात जन्म घालवला, निम्मं वाशीम या हातांवर जन्मलं, त्यात त्यांची दोन मुलंही आली. तेव्हा हे हात बाईमाणसाचे नव्हते वाटतं.
वर हेही, की ताटी "बाईंनीच हौसेनं मागितली." साफ खोटं. चैत्रात ब्रेक दुरुस्तीला मोटार दिली, ती परत आली ती नाकापुढे वाळ्याची जाड ताटी बांधून, आणि वर भोकं पाडलेला डबा, थेंब थेंब पाणी गळायला. हे काय, म्हणून विचारलं. हसले. "घरी खिडकीले ताटी लावता ना बाई? मंग मोटारले काहून नाई? पाहा कशी गारेगार चालते." मोटारींचं काम त्यांचं, म्हणून ताटी राहू दिली. गावातल्या बऱ्याच मोटारींना त्यांनी ताट्या चढवल्या आहेत. लोक बघायला येतात.

१५ मे, रविवार.
नागपूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टर म्हणायच्या, आधी तपासा, मग बोला. तपासलं.
सकाळी गारव्यात निघाले. पाणी काठोकाठ. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, ताणलेला. पंखा सरळ फिरतो, पाती शाबूत. कुठे गळती नाही. ताटी होती तशी ठेवली, भिजवली. नाल्याच्या पुलापर्यंतही पोचले नाही, वाफ.
थांबले. इंजिन पुरतं निवू दिलं. गरम झाकण उघडून तोंड भाजून घेण्याइतकी मी अजून खुळी नाही. मग पकडीने तारा तोडल्या, ताटी उतरवली. केवढी जड. कापसाच्या जिनिंगकडून उडालेली रुई आणि रस्त्याची धूळ पाण्याने थापली जाऊन तिची भिंत झालेली. पाणी भरलं आणि त्याच रस्त्याने पूल ओलांडून, माळ चढून, मालेगावच्या वेशीपर्यंत. तोवर ऊन डोक्यावर आलं होतं. उकळली नाही.
एवढंच होतं. पंखा हवा ओढतो ती रेडिएटरच्या जाळीतून. तोंडावर ओली गोधडी बांधली तर ओढणार कुठून? खिडकीची गोष्ट वेगळी, खोलीत कोणी भट्टी पेटवून बसत नाही.
वेशीवरून परत फिरले. तुळशीरामच्या मळ्याकडे जायचं धाडस झालं नाही.

१९ मे.
आज गेले. सखू वांग्यांच्या वाफ्यापाशी बसलेली, माझ्याकडे पाहिलंही नाही. तिची सासू गयाबाई बाहेर आली. पाणी दिलं, बसायला घोंगडी दिली. मग म्हणाली,
"तुमच्या मोटारले थंडावा पायजे होता बाई. माह्या सुनेले कोन वारा घालत होतं?"
मी ताटीचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.
"आमाले मोटारीतलं काय समजते? गॅरेजवाला तं म्हनते तुमाले चालोता येत नाई. बैलगाडी धाडली असती तं येळेवर आल्या असत्या."
धाकट्या सुनेचे दिवस आषाढात भरतात. मला बोलवाल ना, विचारलं. म्हणाली, सुईण सांगून ठेवली आहे. ती सुईण मला माहीत आहे. तिच्या हातची एक बाळंतीण गेल्या साली धनुर्वातात

आज एवढंच.

२२ मे, रविवार.
मोटार स्टँडवरून येताना त्र्यं.ची स्वतःची, उतारू नेणारी सर्व्हिस मोटार उभी दिसली. ताटी नाही. तारांची टोकं तशीच लोंबत होती. शेजारी उभ्या देशमुखांच्या मोटारीचीही काढलेली. त्र्यं. तिथेच होते, विचारलं.
"उन्हाळा सरत आला बाई, आता कायले ताटी?"
शर्ट पाठीला चिकटला होता त्यांचा. मी घरी येऊन खिडकीच्या ताटीवर दोन घागरी ओतल्या तरी खोलीत बसवत नव्हतं.
म्हणजे कळलं आहे. स्वतःची उतरवली, देशमुखांची उतरवली, आणि माझ्याकडे अवाक्षर नाही. कारण माझ्या मोटारीचं कारण त्यांना ठरवून टाकता येतं: बाई.

२५ मे.
भाऊ म्हणतो, विकून टाक मोटार, या वयात शोभत नाही. शोभण्यासाठी घेतली नव्हती.

२८ मे, शनिवार.
त्र्यं.ना आज चिठ्ठी पाठवली. नक्कल इथे ठेवते.

"रा. रा. त्र्यंबकराव यांस, माझ्या मोटारीला ताटी आपण कोणाच्या सांगण्यावरून बांधलीत? आपल्या व देशमुखांच्या मोटारींची का उतरवलीत? दिनांक १० रोजी माझी मोटार चालवण्यातल्या चुकीमुळे तापली, असं आपण आजही म्हणता काय? मला माफी नको. नुकसानभरपाई नको. आपल्या हाताने लिहिलेलं, सहीचं उत्तर हवं. ते मी मालेगावला गयाबाई माळणीच्या अंगणात वाचून दाखवणार आहे, कारण आषाढात त्या घरी पुन्हा बाळंतपण आहे आणि मला बोलवायचं की नाही, ते आपल्या शब्दावर अडलं आहे. शनिवार, ४ जून, संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर पोचावं. तोंडी निरोप चालणार नाही."