केंद्रक मोठे झाले त्याबद्दल

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, धंदा लाकूड कातण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. शेजारच्या सुताराला शंका असेल तर त्याने तो कागद पाहावा. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तो कधी नव्हताच, हीच घरच्यांची तक्रार.

कलम १. राहते घर व मागची कातकामाची खोली माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला. ती औषधांच्या दुकानात काम करते आणि दर गुरुवारी माझ्याकडे येते. बापाला न सांगता येते, हेही आता लिहून टाकते.

कलम २. बँकेत जे काही उरेल ते शाळेच्या प्रयोगशाळेला. त्यातून कलम ४ मधल्या कपाटाला काचेची दारे बसवावीत.

कलम ३. लेथ आणि पटाश्या शेजारच्या सुताराला. माझे गिरमिट त्याने नऊ वर्षांपूर्वी "उद्या देतो" म्हणून नेले. तेही त्यालाच दिले, म्हणजे बिचाऱ्याचा उद्या एकदाचा उजाडेल.

कलम ४. अणूची पाच मॉडेले शाळेला; काही आधीच तिथे आहेत. भाऊ तिथे विज्ञान शिकवायचा. तो चित्र काढून द्यायचा, मी घडवायचे. पाचही एकाच कपाटात, याच क्रमाने ठेवावीत. चुकीचे म्हणून एकही फेकू नये.

पहिले म्हणजे नुसता भरीव गोळा. अणू फुटत नाही असे तेव्हा मानत, त्यामुळे माझे काम सोपे. दुसऱ्यात गोळ्याला भोके पाडून विकतचे काळे मणी बसवले, कलिंगडातल्या बियांसारखे. गर धन, बिया ऋण. पुढे कोणी तरी सोन्याच्या अगदी पातळ पत्र्यावर कण मारून पाहिले. बहुतेक आरपार गेले, थोडे वळले, आणि क्वचित एखादा उलटा फिरला. म्हणजे अणू जवळजवळ सगळा रिकामा, आणि मधे काही तरी बारीक पण जड. हे ऐकले त्या दिवशी माझे जेवणात लक्ष लागेना. लाकूडही अणूंचेच, मग मी जन्मभर कातले तरी काय?

म्हणून तिसऱ्यात मधे केंद्रक आणि भोवती तारांवर इलेक्ट्रॉन. केंद्रक लिंबाएवढे केले, कारण त्याहून लहान तुकडा माझ्या लेथवर टिकत नाही, उडतो. शाळेच्या तपासणीला साहेब आले, तेव्हा भर वर्गात भाऊ म्हणाला, "केंद्रक फार मोठं झालंय, साहेब. आमच्या ताईनं केलंय, तिला काय कळतंय?" पोरे हसली. मला ते फार झोंबले. ते मॉडेल मी घरी परत आणले. चौथे मॉडेल, ठरावीक कक्षांचे, मी शिपायाच्या हाती पाठवले. त्यानंतर एकोणीस वर्षे आम्ही बोललेलो नाही.

कलम ५. हे कलम देण्याघेण्याचे नाही, कबुलीचे आहे. इतकी वर्षे मी भावाची चूक शोधत होते. एका गुरुवारी भाची म्हणाली, "आत्या, बाबांच्या त्या गोल कक्षाही आता कोणी मानत नाही. इलेक्ट्रॉन नेमका कुठे आहे ते सांगताच येत नाही. कुठे सापडायची शक्यता जास्त, एवढंच सांगता येतं. ढगासारखं असतं ते." मला इतका आनंद झाला की मी दोनदा चहा केला. पाचवे मॉडेल ते: काचेच्या बरणीत पिंजलेला कापूस. लेथचे त्यात काही काम नाही.

मग मी सहज विचारले, माझ्या लिंबाएवढ्या केंद्रकाला अणू केवढा लागेल? तिने वहीत गणित मांडले. इलेक्ट्रॉन दीड-दोन किलोमीटरवर जायला हवा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते केंद्रक लेथवर ठेवले आणि पावले मोजत सरळ रस्त्याने निघाले. तीन हजार एकशे चाळीस पावलांवर भावाचे फाटक आले. तो ओट्यावर पेपर डोळ्यांशी धरून वाचत होता. म्हातारा झाला आहे. हाक मारायला तोंड उघडले आणि तशीच परत फिरले.

तो बरोबर होता. केंद्रक फारच मोठे झाले होते. चारचौघांत सांगायला नको होते, हेही मी सोडत नाही.

कलम ६. धाकट्या भावाला मी काहीही देत नाही. पटाशीसुद्धा नाही. यात राग नाही. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. आणि साक्षीदाराने माझी सही समोर बसून पाहायला हवी. म्हणून त्याला काही ठेवले नाही. भाचीकडे निरोप दिला आहे: पावले मोजत ये. चारपर्यंत वाट पाहीन. आला नाही तर वकीलबाईंचा कारकून सही करील. मला तो नको आहे, मला भाऊ हवा आहे.

वरचे सगळे मी दोनदा वाचले, खाडाखोड माझीच आहे.

सही: ताई
ठिकाण: कातकामाची खोली
दिनांक: १४ मार्च, दुपारचे सव्वाचार

साक्षीदार १: वकीलबाई (सही)

साक्षीदार २: ~~वकीलबाईंचा कारकून~~ धाकटा भाऊ, निवृत्त विज्ञान शिक्षक (सही). ताईने माझ्यासमोर सही केली. मी चालत आलो. दोन हजार सहाशे दहा पावले भरली. ताईचे मोजणे चुकले आहे. उद्या दोघे मिळून मोजू.