बोटीवरच्या पहिल्या फोनची टेप

३ फेब्रु., सोम.
ऑफिसात आजपासून मी एकटी. कं. विकली गेली, बाकीचे नव्या मालकांकडे अंधेरीला. परळची रेकॉर्ड रूम रिकामी करायला मला मागे ठेवलंय. नवे साहेब फोनवर : "मॅडम, कामाचं तेवढं ठेवा, बाकी भंगार." कामाचं म्हणजे कुठलं, विचारलं. हसले.
उपग्रहावरून बोटीला फोन जोडून द्यायचं काम इथे कुणाला ठाऊक नव्हतं तेव्हा आमच्या लोकांनी केलं. अँटेनाचे नकाशे, टेस्ट रिपोर्ट, गोदीतले फोटो. भंगार कसं म्हणू?

६ फेब्रु.
एका कॉलेजचा संग्रह सगळं घेतो म्हणाला. हायसं वाटलं. अट एकच : ज्यांचा आवाज किंवा खाजगी बोलणं असेल त्यांची लेखी परवानगी.
दु. फोटोंच्या खोक्यात टेप सापडली. जुनी, मोठ्या चकतीची. वर पेनने, "बोट, पहिला कॉल. आवाज उत्तम." कुणाचा आवाज? काय बोलले? रिपोर्टात फक्त आकडे.

१० फेब्रु.
गिरगावात पिंटो म्हणून रेकॉर्डिंगवाले आहेत, त्यांच्याकडे तसलं मशीन अजून चालतं. टेप लावली. खरखर, मग आमचे जुने इंजिनीयर कर्णिकसाहेब (तरुण आवाज!) : "परब, तुमच्या मिसेस लाईनवर आहेत, बोला." मग एक बाई. मालवणी.
गिरणी संपाचं दुसरं वर्ष असणार. ती नवऱ्याला सांगतेय, "भावजी कामार जातंय म्हणतत. चाळीत सगळे काय काय बोलतत." थोडं थांबते, परत सुरू. त्यातच नवऱ्याचा आवाज : "जाव दे तेका. पोरां उपाशी आसत. माझ्या मनात काय नाय, सांग तेका." ती आपली बोलतेच आहे. मग लाईन तुटली.
पिंटोंनी मशीन बंद केलं. आमचे वडील, नाना, संपात शेवटपर्यंत गिरणीच्या आत गेले नाहीत. गेलेल्यांच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हे आम्हाला लहानपणापासून...
कॅसेटवर कॉपी करून घेतली.

१२ फेब्रु.
दादरला कर्णिकसाहेबांकडे. त्यांना सगळं आठवतं. वसंत परब बोटीवर खलाशी, बायको सुलोचना गोदीजवळच राहायची म्हणून तिलाच बोलावलं. "ती काय बोलली आठवतं?" "शब्द कोण ऐकत होतं! आम्ही मीटरच्या काट्याकडे बघत होतो."
ती मध्येच का बोलत सुटली, तेही त्यांनीच सांगितलं. आवाज वर उपग्रहापर्यंत जाऊन खाली यायला वेळ लागायचा. माणसाला वाटायचं समोरचा गप्प आहे. आणि तुम्ही बोलत असलात की समोरून येणारा आवाज दाबला जायचा.
म्हणजे नवऱ्याचं ते "जाव दे" तिला ऐकूच गेलं नसेल?

१५ फेब्रु.
माझगाव. सुलोचनाबाई सापडल्या. वसंतराव जाऊन बरीच वर्षं झाली. वॉकमन कानाला लावून दिला. ऐकता ऐकता पदर तोंडाशी.
"ह्यां माका तेव्हा ऐकाकच येवक नाय. मी आपली बोलतच रवलंय."
वसंतराव घरी आले तोवर भावजी ती चाळ सोडून वरळीच्या बीडीडी चाळीत राहायला गेले होते. वसंतरावांना वाटलं, निरोप पोचला तरी भाऊ येत नाही. भावजींना वाटलं, भावाने तोंड फिरवलं. दोघांनी विषयच काढला नाही.
परवानगीचं विचारलं. "माझी आसा. पण भावजींची गोष्ट आसा त्यात. तेंका विचारा."

१८ फेब्रु.
वरळी. दत्ताराम परब, सुलोचनाबाईंचे भावजी. दारातच उभे. टेपचं सांगितलं, तुमच्या भावाने निरोप ठेवलाय म्हटलं. आत या म्हणाले नाहीत. एकच प्रश्न, "तुमचे वडील खंयच्या गिरणीत?" सांगितलं. "आत गेल्ले?" "नाही." ऑफिसचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी घेतली, दार हळूच लावून घेतलं.
खोटं बोलायला हवं होतं का?

२० फेब्रु.
कॉलेजचा टेम्पो उद्या. मी खोके बांधत होते, तर दत्तारामकाका दारात. परळपर्यंत चालत आले म्हणे. "लावा."
कॅसेट लावली. भावाचा आवाज आला तसे ते खुर्चीत पुढे सरकले. संपल्यावर, "वयनीन सांगल्यान कसा नाय?" उपग्रहाचं, उशिरा येणाऱ्या आवाजाचं समजावलं. किती पोचलं कोण जाणे. "म्हणजे तो बोललो. तिका पोचला नाय." हो, म्हटलं. "परत लावा."
मग मी परवानगीचा कागद पुढे ठेवला. वाचला सगळा.
"कॉलेजात कोण ऐकतलो?"
"मागेल तो."
"गिरणीतले?"
"तेही."
"माझ्या पोराक ठावक नाय, मी आत गेल्लंय तां. तेका वाटता मी संपातच रवलंय." मग कागदावर हात ठेवून, "पण वसंताचो आवाज ऱ्हवाक होयो."
आवाज राहायला हवा म्हणाले, पण सही नाही केली. नकोही म्हणाले नाहीत. कॅसेट मागितली, दिली. शर्टाच्या खिशात घातली आणि वरून हात धरून जिना उतरले. मी खिडकीतून बघत राहिले. काका कोपऱ्यावर थांबले, खिसा चाचपला. वरळीच्या बाजूला नाही वळले. सुलोचनाबाईंच्या माझगावला जाणाऱ्या बसच्या स्टॉपवर उभे राहिले.