काटेउंदराच्या पोटातलं

३ नोव्हेंबर १९२७, मुळशी
पोचलो एकदाचे! पुण्यापासून बैलगाडीने हाडं खिळखिळी केली, पण रंभा वाटभर हसत होती. लग्नाला दीड वर्ष झालं, आज पहिल्यांदा आमचं दोघांचं घर. ओट्यावर सूक्ष्मदर्शक मांडला, तर बाईसाहेबांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. काम सोपं आहे. मुठीएवढे काटेउंदीर फाडायचे, जठरातले जंत ओळखायचे, पुण्याला प्रयोगशाळेच्या साहेबांना कळवायचं. धुळीने रंभेचा दमा उसळलाय, तेवढीच काळजी.

८ नोव्हेंबर
शेजारीण तुकाबाई, धनगराची. धरणाचं पाणी चढल्यापासून काटेउंदीर वरच्या माळावर आलेत. ती टोपलीभर जिवंत आणते. आज जंत ओळखला! पांढरा, जाड, मानेशी कातडीची कॉलर, ओठांना दात. जठराला चावून लटकतो, ओढला तरी सोडत नाही. मी अंगणात नाचलोच. रंभा म्हणाली, माझं एवढं कौतुक कधी केलं नाहीत. जास्तीचे चार उंदीर तुकाबाईने परत मागितले, देऊन टाकले. कशाला हवेत, विचारलंही नाही.

१७ नोव्हेंबर
रंभेचा खोकला पार थांबला. इथली हवा मानवली म्हणायची. मी फार सुखात आहे.

२४ नोव्हेंबर
रंभा चौघांचं जेवते आणि वाळत चाललीय. पोटात कोणी चावतंय म्हणते. मी हसण्यावारी नेलं.

२७ नोव्हेंबर
तिला उलटी झाली. त्यात पांढरं वळवळलं. काचेखाली धरलं. कॉलर. दात.

तुकाबाईला विचारलं, तर रडायलाच लागली. "माज्या सासूचा उपाव हाय, दादा. काटेउंदराचं पोट मधातनं कच्चंच गिळायचं, दमा जातुया. तुमास्नी सांगू नगा, असं बाईच म्हनल्या." माझ्या कामात खोकल्याची आडकाठी नको, म्हणून गिळलं तिने. उंदीर मी दिलेले. साहेबांना तातडीने कळवलं.

२९ नोव्हेंबर
जंतांचं औषध दोनदा दिलं. सोडत नाहीत. रंभा ओरडत नाही, नुसता माझा हात पोटावर धरते. तळव्याखाली हलतात—

१ डिसेंबर
सकाळी गेली. पाणी मागता मागता. माझ्या रंभेला मीच—
अंग गार पडलं, तसे तिच्या ओठांतून बाहेर येऊ लागले. मी पदराने पुसत होतो. पुसत होतो—

२ डिसेंबर
साहेबांचा माणूस दारात उभा. नमुने हवेत म्हणे. बाटली भरली. वर चिठ्ठी लावायची आहे.
जंत: ओळखलेला.
स्थळ: मुळशी.
अवयव: जठर.
प्राणी: रं