कुणकेश्वरची शपथ

बेळगाव, ता. ९ एप्रिल १९५८

तीर्थरूप आयेस, दुरूनच पायांवर डोके ठेवून हिराचा नमस्कार.

सहदेव माझ्याकडे सुखरूप आहे. ह्यांनी त्याला लाकडाच्या वखारीत काम पाहून दिले. तुझे गुडघे कसे आहेत? आबा पुन्हा समुद्रावर जाऊ लागले का?

हे पत्र यशोदाकाकीकडूनच वाचून घे.

सहदेव जेवता जेवता थांबतो आणि उजवा हात बघत बसतो. होडी उलटली तेव्हा गणपतदादा त्याच हातातून निसटला ना.

शिवरात्रीला कुणकेश्वरी तू त्याला नारळावर हात ठेवून बोलायला लावलेस, "परत प्यालंय तर हिरा मरांदे." तुझा जीव तुटत होता, मला कळते. पण आठ दिवसांत तो प्याला. आता मी जरा खोकले की त्याचे तोंड उतरते. काल म्हणाला, "दादाक मीच बुडवलंय, आता तुकापण मीच खातलंय." तसाच उठून गेला आणि पिऊन आला. मी रागावले नाही. पाय धुवायला पाणी दिले, वाढले.

तेव्हा आये, नारळ घेऊन देवळात जा, गाऱ्हाणे घाल आणि ती शपथ सोडवून घे. सोडवली असे त्याच्या नावाने कार्ड टाक. माझे तो ऐकत नाही, तुझे ऐकेल.

माझी काळजी करू नको. तो घरात असला की मी तोंडात पदर कोंबून खोकते. पदराला रक्त लागते ते तो उठायच्या आत धुऊन टाकते.

मात्र लवकर जा.

तुझी हिरा