हिरव्या साडीतली शरयू

मंगळवार, दिवेलागणीला

शरयूची तेरवी झाली, तरी तिच्या वेबसाइटवरून कुरडया-पापडांच्या ऑर्डरी येतातच आहेत. तिचा फोन आता माझ्याकडे. आज रामदासपेठेतल्या एका बाईंनी विचारलं, "ताई कुठं आहेत?" काय सांगायचं? पानावर बर्डीच्या स्टुडिओत काढलेला तिचा हिरव्या साडीतला फोटो, आणि खाली तिनंच लिहिलेलं : फोन करा, मीच उचलते.

म्हणून दुपारी 'काम बंद आहे' असं नवीन पान बनवून अपलोड केलं. साइट उघडली, तर हिरवी साडी तशीच. पुन्हा केलं. तशीच. शेवटी होस्टिंगवाल्याला फोन लावला.

"मॅडम, तुम्ही बाहेरच टाकून राहिल्या. पब्लिक एचटीएमएल नावाच्या फोल्डरात टाका, लोकायले तेच दिसते."

खरं सांगते, चूक सापडली याचं वाईटच वाटलं. मोठी बहीण मी, आणि तिला पुसायचं कामही माझ्याच वाट्याला काहून?

टाकलं. हिरवी साडी गेली.

आईला सांगायला आत गेले, तर ती मोबाइल घेऊन पलंगावर बसलेली. 'साडीतला फोटो काढला, गेली ती' म्हटलं, तर म्हणाली, "गेली कुठं वं? मले तं दिसून राहिली."

खरंच दिसत होती. आईनं सकाळी उघडलेलं जुनं पान अजून तसंच होतं. आता बोट जरा खाली ओढलं गेलं की ते रिफ्रेश होऊन नवीन पान येणार.

आई फोटोवरून बोट फिरवत होती.